क्वांटम स्पिन लिक्विड शिकायचंय? आधी चार स्पिन हातानं सोडवा

दिवाळीची सुट्टी संपली की एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची दोन-तीन मुलं दरवर्षी माझ्याकडं येतात. "मॅडम, प्रोजेक्ट क्वांटम स्पिन लिक्विडवर करायचाय." ढोबळमानानं सांगायचं तर ही अशी अवस्था, की पदार्थातले स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे इवलेसे चुंबक, कितीही थंड केलं तरी ठरावीक मांडणीत गोठत नाहीत. मोबाइलवर पन्नास-साठ पानांचा एखादा रिव्ह्यू, म्हणजे विषयाचा आढावा घेणारा लेख, उघडलेला असतो आणि गाडी तिसऱ्या पानावर ‘गेज थिअरी’ या शब्दापाशी रुतलेली असते. कोल्हापुरात भौतिकशास्त्रातलं संशोधन म्हटलं की पातळ थर, सेन्सर, सुपरकपॅसिटर असं प्रयोगशाळेतलं काम डोळ्यांपुढं येतं. थिअरीची वाट कुणाला विचारायची, ही या मुलांची अडचण खरी असते.

माझं सांगणं दरवर्षी एकच असतं. रिव्ह्यू मिटवून ठेवा. या विषयाचा गाभा दोन, तीन आणि चार स्पिनांत मावतो. तेवढं वहीत हातानं सोडवलंत तर पुढचे अवघड शब्द ओळखीचे होऊन भेटतील.

तयारी फार लागत नाही. अँग्युलर मोमेंटमची बेरीज यायला हवी, मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू काढता यायला हव्यात आणि थोडं पायथन. सेकंड क्वांटायझेशन नंतर लागतंच, पण पहिल्या महिन्यात नाही.

पायरी १: हे स्पिन येतात कुठून?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘स्ट्राँगली कोरिलेटेड’ (इलेक्ट्रॉन एकमेकांना धरून वागतात ते) हा शब्द नुसता पाठ होतो. वसतिगृहातल्या खोल्यांसारख्या अणूंच्या जागा ओळीनं आहेत असं समजा. प्रत्येक खोलीत एक इलेक्ट्रॉन. शेजारच्या खोलीत उडी मारता येते, पण एका खोलीत दोघं आले की त्यांच्यातलं प्रतिकर्षण फार महाग पडतं. १९६३ सालच्या हबर्ड मॉडेलमध्ये एवढ्या दोनच गोष्टी आहेत: उडीची ताकद आणि प्रतिकर्षणाची ऊर्जा. प्रतिकर्षण खूप मोठं असलं की सगळे आपापल्या खोलीत अडकतात आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. याला मॉट इन्सुलेटर म्हणतात. हे प्रतिकर्षण न धरणाऱ्या साध्या बँड थिअरीनं तो धातू निघायला हवा होता, हे विसरू नका.

इलेक्ट्रॉन अडकला तरी त्याचा स्पिन मोकळा राहतो. शेजाऱ्याचा स्पिन उलट असेल तर क्षणभर त्याच्या खोलीत डोकावून परत येता येतं. स्पिन सारखे असतील तर पाउलीचा नियम तेवढंही करू देत नाही. या डोकावण्यानं ऊर्जा थोडी उतरते, म्हणून शेजाऱ्यांना उलटं राहणं परवडतं. उडीच्या ताकदीचा वर्ग करा, चारनं गुणा, प्रतिकर्षणाच्या ऊर्जेनं भागा, की जोडणीची ताकद मिळते. सेकंड-ऑर्डर पर्टर्बेशननं हे दोन खोल्यांसाठी स्वतः काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. इथून पुढं जोडणीची ताकद १ धरते, म्हणजे आकडे सुटसुटीत राहतील.

पायरी २: दोन स्पिन

दोन अर्ध्या स्पिनांचा डॉट प्रॉडक्ट काढा. सिंगलेटला (दोघांची बेरीज शून्य) −०.७५ मिळतं, ट्रिपलेटला (बेरीज एक) +०.२५. आता एक वर, एक खाली अशी साधी मांडणी घ्या आणि तिची सरासरी ऊर्जा काढा: −०.२५. म्हणजे सिंगलेट या साध्या मांडणीच्या तिप्पट खोल जातो. हा तिप्पट फायदा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण सगळा खेळ याच्यावर चालतो.

फायद्याला एक अट आहे. एक स्पिन एका वेळी एकाशीच पूर्ण सिंगलेट करू शकतो. साध्या मांडणीत मात्र तो सगळ्या शेजाऱ्यांकडून थोडं थोडं घेतो. एकाकडून भरपूर की सगळ्यांकडून थोडं? वेगवेगळ्या जाळ्यांसाठी हा हिशेब घाला. जोड्या लावल्या तर प्रत्येक स्पिनामागं नेहमी −०.३७५ येतं, जाळी कुठलीही असो. साध्या मांडणीचं असं (एक बंध दोघांचा, म्हणून स्पिनामागं बंध शेजाऱ्यांच्या निम्मे):

एका सरळ साखळीत प्रत्येकाला दोन शेजारी, स्पिनामागं −०.२५. जोड्या जिंकतात. चौकोनी जाळीत चार शेजारी, −०.५. इथं साधी मांडणी जिंकते, आणि खरोखरच चौकोनी जाळीचा अँटिफेरोमॅग्नेट (शेजारी उलटे असलेला चुंबक) शिस्तीत उभा राहतो. त्रिकोणी जाळीत स्पिन एकमेकांशी १२० अंशांत उभे राहतात, प्रत्येक बंधाला −०.१२५ मिळतं, स्पिनामागं तीन बंध, म्हणजे −०.३७५. बरोबरी! आणि कागोमे जाळीत (ती कशी दिसते ते पुढं) स्पिनामागं दोनच बंध, म्हणजे −०.२५. जोड्या सहज जिंकतात.

हा हिशेब कच्चा आहे, खरी उत्तरं याहून खोल जातात. साखळीचं नेमकं उत्तर बेथेच्या १९३१ च्या पद्धतीनं −०.४४३१ निघतं, त्रिकोणीचं साधारण −०.५५, कागोमेचं साधारण −०.४३८६. पण कुठल्या जाळीत लक्ष घालावं हे या कच्च्या हिशेबानंच कळतं. मला तो फार आवडतो.

मध्येच: कागोमे म्हणजे काय, ते बाजारात बघून या

कागोमे हा जपानी शब्द आहे. कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळा. आकृती बघून तो डोक्यात बसत नाही, म्हणून मी मुलांना आठवडी बाजारात बुरुडाकडं पाठवते. कोंबड्या झाकायचं डालगं हातात घ्या. सैल विणीचं असेल तर बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी गेलेल्या दिसतील, मध्ये सहा कोनांचे मोठे डोळे आणि प्रत्येक डोळ्याभोवती सहा छोटे त्रिकोण. दोन पट्ट्या जिथं एकमेकींवरून जातात तिथं एक स्पिन ठेवा. बोटानं मोजा: प्रत्येक स्पिनाला चार शेजारी, आणि तो बरोबर दोन त्रिकोणांत. त्रिकोणांची फक्त टोकं जुळलेली आहेत, बाजू नाहीत. म्हणून एका त्रिकोणानं काय ठरवलं ते शेजारच्या त्रिकोणाला पुरेसं बांधत नाही. वर्गात मी फळ्यावर तीन वेळा काढूनही जे उतरत नाही, ते डालगं दोन मिनिटं फिरवलं की उतरतं.

पायरी ३: तीन स्पिन, म्हणजे कोंडी

त्रिकोणात एक वर, एक खाली. तिसऱ्यानं कुठं जायचं? इंग्रजी पुस्तकं याला फ्रस्ट्रेशन म्हणतात, मी कोंडी म्हणते. नेमकं सोडवा: आठ अवस्था आहेत. चार −०.७५ ला आणि चार +०.७५ ला. तळाला एकदम चार अवस्था बसल्यात, हे लक्षात घ्या. कोंडीची खूण हीच: तळाशी गर्दी. १९५० साली वानिएनं त्रिकोणी जाळीच्या आयझिंग मॉडेलमध्ये (यात स्पिन फक्त वर किंवा खाली) दाखवलं की निरपेक्ष शून्य तापमानालाही एन्ट्रॉपी शिल्लक राहते, ती याच गर्दीमुळं.

पायरी ४: चार स्पिनांचं कडं

इथं थांबा. घाई करू नका.

चार स्पिन चौकोनाच्या कोपऱ्यांवर, चार बाजू म्हणजे चार बंध. साधी मांडणी: −१. जोड्या: दोन सिंगलेट, −१.५. पण जोड्या दोन तऱ्हांनी लावता येतात, आडव्या किंवा उभ्या. मग दोन्हींचं मिश्रण केलं तर?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं फळ्यावर हे सोडवलं. सिंगलेटच्या दिशा नीट धरल्या की आडवी आणि उभी यांच्यातला मॅट्रिक्स एलिमेंटही −१.५ येतो. तिनं दोन बाय दोनचा मॅट्रिक्स लिहिला, कर्णावर −१.५, कर्णाबाहेर −१.५, आणि उत्तर काढलं: −३. सगळे खूश. मी तिला एवढंच विचारलं, की एका बंधाला जास्तीत जास्त किती मिळू शकतं? −०.७५. चार बंध, म्हणजे −३. तिच्या उत्तराप्रमाणं चारही बंध एकाच वेळी पूर्ण सिंगलेट होते, म्हणजे प्रत्येक स्पिन दोन्ही शेजाऱ्यांचा एकाच वेळी पूर्ण जोडीदार. पायरी २ मधली अट मोडली होती.

चूक कुठं होती? आडवी आणि उभी या दोन अवस्था एकमेकींना लंब नाहीत. त्यांचा ओव्हरलॅप ०.५ आहे. तो धरला की −३ ला १.५ नं भागायचं आणि उत्तर येतं −२. दुसऱ्या वाटेनंही तपासा: समोरासमोरच्या दोन दोन स्पिनांची बेरीज करून ट्रिपलेट करा, मग ते दोन ट्रिपलेट मिळून एकूण शून्य करा. −२ च येतं.

आता −१.५ आणि −२ यांमधल्या अर्ध्याकडं बघा. कुठलीच जोडी पक्की नाही, दोन्ही मांडण्या एकदम चालू आहेत आणि त्यातूनच ऊर्जा उतरली. बेंझिनच्या दुहेरी बंधांसारखंच हे. १९७३ साली फिलिप अँडरसन यांनी मांडलं की त्रिकोणी जाळीवर सगळ्या स्पिनांनी असंच करावं: असंख्य तऱ्हांनी जोड्या लावाव्यात आणि त्या सगळ्यांचं मिश्रण व्हावं. त्याचं नाव रेझोनेटिंग व्हॅलन्स बाँड, आणि क्वांटम स्पिन लिक्विडची कल्पना इथं जन्मली. पुढं समजलं की फक्त जवळच्या शेजाऱ्यांच्या जोडणीनं त्रिकोणी जाळीत १२० अंशांची शिस्तच टिकते. पण दुसऱ्या शेजाऱ्याची जोडणी पहिल्याच्या साधारण ८ ते १६ टक्के ठेवली की गणनेत ती शिस्त मोडते. बरोबरीच्या जाळीत हलका धक्का पुरतो, हे आपल्या कच्च्या हिशेबाला धरूनच आहे.

पायरी ५: मुंबईत जन्मलेलं मॉडेल

चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून (टीआयएफआर) एक साखळी मांडली: पहिल्या शेजाऱ्याची जोडणी १, दुसऱ्याची बरोबर अर्धी. ही साखळी लगतच्या तीन-तीन स्पिनांच्या त्रिकोणांची बेरीज म्हणून लिहिता येते. एकाआड एक सिंगलेट लावले की प्रत्येक त्रिकोणात एक सिंगलेट येतोच, आणि प्रत्येक त्रिकोण तळाला बसतो. सिद्धता एका पानात संपते. ऊर्जा स्पिनामागं −०.३७५, नेमकी.

ही अवस्था स्पिन लिक्विड नाही, कारण जोड्या जागच्या जागी गोठलेल्या आहेत. पण इथं एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. जोड्या लावायच्या दोन तऱ्हा आहेत. डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरी ठेवा. मध्ये एक स्पिन एकटा उरतो. तो सरकू शकतो. त्याच्याकडं अर्धा स्पिन आहे आणि विद्युतभार मात्र नाही. यालाच स्पिनॉन म्हणतात. साध्या चुंबकात एक स्पिन उलटला की तयार होणारी लहर पूर्ण १ चा स्पिन नेते. इथं त्या एकाचे दोन अर्धे झाले आणि ते वेगवेगळ्या दिशांना निघून गेले. दोन परिमाणांत असे तुकडे मोकळे फिरणं ही स्पिन लिक्विडची खरी ओळख. ‘शिस्त दिसत नाही म्हणून लिक्विड’ ही व्याख्या अपुरी आहे. ती धरून बसलात तर फसाल.

पायरी ६: चुंबळीवर जोड्या मोजा

पाण्याची घागर डोक्यावर घेताना खाली ठेवायची कापडाची चुंबळ माहीत आहे ना? त्या आकारावर, म्हणजे टोरसवर, त्रिकोणी जाळी गुंडाळली आहे असं समजा. कागदावर ४ बाय ४ ची जाळी काढा, डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली माना. सगळ्यांच्या जोड्या लावा. आता एक आडवी रेष पूर्ण फेरी मारेल अशी काढा आणि ती किती जोड्यांना छेदते ते मोजा. सम की विषम? एका समभुज चौकोनातल्या दोन समांतर जोड्या फिरवून दुसऱ्या बाजूंवर लावा. पुन्हा मोजा. आकडा बदलेल, सम-विषम बदलणार नाही. उभ्या रेषेचंही तसंच. दोन रेषा, प्रत्येकीला दोन शक्यता, म्हणजे चार कप्पे, आणि जवळच्या जवळ जोड्या फिरवून एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येत नाही.

टोपॉलॉजिकल ऑर्डर म्हणतात ती ही. रॉक्सर आणि किव्हल्सन यांनी १९८८ साली जोड्यांचं असं मॉडेल चौकोनी जाळीवर लिहिलं. २००१ साली मोसनर आणि सोंधी यांनी त्रिकोणी जाळीवर त्यात खरी लिक्विड अवस्था सापडते हे दाखवलं. दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन हा खेळ एक संध्याकाळ खेळा. रंकाळ्याच्या काठावर बसून खेळला तरी चालेल, संगणक लागत नाही.

पायरी ७: आता लॅपटॉप उघडा

स्पिन एकानं वाढला की अवस्था दुप्पट होतात. १२ स्पिनांना ४,०९६. २० ना १०,४८,५७६. ३० ना १०७ कोटींच्या वर, आणि तेवढा एकच वेक्टर साठवायला आठ जीबीहून जास्त मेमरी. म्हणून सिमेट्री वापरायला शिका: एकूण झेड-घटक शून्य धरला की १२ स्पिनांच्या ४,०९६ पैकी फक्त ९२४ उरतात.

पहिला प्रोग्राम स्वतः लिहा, बिट ऑपरेशन वापरून. तो बरोबर आहे का हे तपासायला चार स्पिनांच्या कड्याला −२ आणि सहाच्या कड्याला −२.८०२८ यायला हवं. हे आल्याशिवाय कागोमेकडं वळू नका. मग क्वस्पिन हे तयार पॅकेज घ्या. पुढं डीएमआरजीसाठी (मोठ्या जाळ्यांची तळाची अवस्था काढायची गणनापद्धत) टेनपाय किंवा आयटेन्सर ही पॅकेजं. क्वांटम माँटे कार्लो इथं सहसा चालत नाही, कारण कोंडी असलेल्या जाळीत शक्यतांना उणे चिन्हं येतात आणि उत्तर गोंगाटात बुडतं. कागोमेवर २०११ साली यान, ह्यूज आणि व्हाइट यांनी डीएमआरजीनं गॅप (तळाची अवस्था आणि तिच्या वरची यांत ऊर्जेची फट) असलेलं लिक्विड दाखवलं. नंतरच्या बऱ्याच गणना गॅप नाही असं सांगतात. वाद चालू आहे.

पायरी ८: कितायेव्ह, आणि पार्टन

अलेक्सेई कितायेव्ह यांचं २००६ चं मॉडेल मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर आहे. प्रत्येक स्पिनाला तीन शेजारी. एक शेजारी म्हणतो एक्स दिशेत जुळव, दुसरा वाय, तिसरा झेड. त्रिकोण नसूनही कोंडी झाली. प्रत्येक स्पिन चार मायोराना फर्मिऑनांत (स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेले कण) लिहिला की प्रत्येक षटकोनावर +१ किंवा −१ असा न बदलणारा आकडा मिळतो, आणि उरतात ते मोकळे फिरणारे फर्मिऑन. नेमकं उत्तर, दोन परिमाणांत! चेन्नईचे जी. बास्करन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली यात दाखवलं की लगतच्या शेजाऱ्यापलीकडं स्पिनांचा परस्परसंबंध नेमका शून्य असतो. चुंबकीय क्षेत्र लावलं की यात असे कण येतात की त्यांची अदलाबदल कुठल्या क्रमानं केली हे अवस्था लक्षात ठेवते. स्नेहसंमेलनात गोफ विणला असेल तर हे चटकन कळेल: कोण कुणाच्या वरून आधी गेलं, ते दोऱ्यांत राहतं.

बाकीच्या मॉडेलांना असं नेमकं उत्तर नाही. तिथं स्पिनाचे दोन फर्मिऑन करतात (हे तुकडे म्हणजे पार्टन), एका जागी बरोबर एकच असावा अशी अट घालतात, आणि ती अट सांभाळायला गेज फील्ड येतं. तिसऱ्या पानावर रुतलेली गाडी इथं निघते: गेज थिअरी म्हणजे आपणच स्पिन फोडला त्याची राखायची अट. सविस्तर अभ्यास पीएच.डी.त होईल.

पायरी ९: पदार्थाचा दावा वाचताना

हर्बर्टस्मिथाइट या तांबं-जस्ताच्या खनिजात तांब्याचे अणू कागोमे जाळीत बसतात. एमआयटीत २००५ साली त्याचे शुद्ध नमुने बनले. जोडणी सुमारे १८० ते २०० केल्विनची आणि ०.०५ केल्विनपर्यंत शिस्त नाही. पण जस्ताच्या काही जागी तांबं शिरतं, आणि त्या चुकीच्या जागच्या स्पिनांचा आवाज मोजमापात मिसळतो. अल्फा-रुथेनियम ट्रायक्लोराइड कितायेव्ह मॉडेलच्या जवळचं, तरी ७ केल्विनच्या आसपास ते शिस्तीत येतंच. क्षेत्र लावल्यावर २०१८ साली त्यात थर्मल हॉल इफेक्ट (उष्णतेचं आडवं वळणं) ठरावीक क्वांटमच्या नेमका अर्धा दिसल्याचं जपानी गटानं जाहीर केलं. सगळ्या नमुन्यांत तो तसा दिसलेला नाही. म्हणून दावा वाचताना तीन गोष्टी वहीत लिहा: जोडणीची ताकद किती, किती खालपर्यंत शिस्त नाही, आणि अणूंची अदलाबदल किती. आपल्याकडं नमुने बनवणारे हात उत्तम आहेत. तिसऱ्या प्रश्नावर त्यांच्याशी बोला, ते तुमच्यापेक्षा जास्त सांगतील.

पायरी १०: बाहेर पाऊल

तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, पात्रता बघून दोन्हींना अर्ज करा. पीएच.डी.साठी जेस्ट (अनेक संस्थांची एकत्र प्रवेश परीक्षा) आणि टीआयएफआरची परीक्षा. अर्जात ‘मला क्वांटम मटेरिअल्समध्ये रस आहे’ असं लिहू नका. −३ आणि −२ असलेलं वहीतलं पान समोर ठेवा आणि चार ओळींत लिहा: मी काय काढलं, ते का अशक्य होतं, आणि ओव्हरलॅप कुठं विसरले. त्या विद्यार्थिनीनं यंदाच्या अर्जात तेच लिहिलंय.